घरातल्या पाण्याचा हिशेब: आधी मोजणी, मग गळती, आणि उपदेश सगळ्यात शेवटी

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर 'पाणी जपून वापरा' असा निरोप येतो. खाली पन्नास अंगठे पडतात आणि टँकर येतच राहतात. घरोघरी क्रमही ठरलेला असतो: आधी बोलणी, मग नळाला जाळ्या, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली की मग कुठे प्लंबर. हा क्रम बरोबर उलटा हवा.

पुण्याचा माणूस सकाळी पेपरात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरचा साठा वाचतो. चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) हे अनेकांना तोंडपाठ असतं. त्यालाच विचारा, तुमचा फ्लश एका वेळी किती लिटर सोडतो? तिथे गाडी अडते. पुढचं सगळं त्या दुसऱ्या आकड्यासाठी आहे.

गच्चीवरच्या टाकीतून पाणी येणारा, सामायिक बिलाचा, दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. बंगला किंवा चाळ असेल तर नळजोडणीचा भाग आपल्या सोयीने बदलून घ्या.

## तयारी: अर्धा दिवस इथेच घालवा

लागणाऱ्या वस्तू: एक बादली, एक लिटरची बाटली, न पुसला जाणारा मार्कर, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, खाण्याचा लाल किंवा हिरवा रंग, बॅटरी, पान्हा, टेफ्लॉन टेप आणि एक वही. वही फ्रिजवर लटकवा. कपाटात गेली की दुसऱ्या दिवशी मोजणी बंद पडते.

बादलीवर खुणा करा. दुकानात 'वीस लिटरची' म्हणून मिळालेली बादली काठोकाठ भरली तर वीस. आपण ती चार बोटं खालपर्यंत भरतो, आणि तिथे सोळा-सतरा लिटरच असतात. बाटलीने मोजून पाणी ओता आणि दर पाच लिटरला रेघ मारा. पुढचा सगळा हिशेब या रेघांवर उभा आहे, त्यामुळे इथे अंदाजाने चालवू नका.

घरात पाण्याच्या किती लाइनी येतात ते शोधा. इथे बहुतेकांची फसगत होते. लोक उत्साहाने एक मीटर विकत आणतात आणि प्लंबर येऊन हसतो. बऱ्याच इमारतींत गच्चीवरून वेगवेगळे पाइप खाली उतरतात: स्वयंपाकघराचा एक, प्रत्येक बाथरूमचा एकेक, सोलरचा वेगळा. एका फ्लॅटला तीन-चार ठिकाणांहून पाणी येतं, म्हणून एका मीटरने भागत नाही. कोणता कॉक बंद केला की कुठलं पाणी थांबतं ते एकेक करून पाहा आणि कॉकवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

> सावध: वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम असतो. पान्ह्याने जोर लावू नका. तो तुटला तर अख्ख्या लाइनीचं पाणी बंद करावं लागतं आणि आठ मजल्यांचे फोन तुम्हाला येतात. हलका झटका देऊन फिरला तर ठीक, नाहीतर प्लंबर. आणि हे काम रविवारी संध्याकाळी करू नका, सोमवारी दुकानं उघडी असताना करा.

## टप्पा १: घरातल्यांचा अंदाज चिठ्ठीवर घ्या

मोजायला सुरुवात करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला दोन प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर लिहायला सांगा. आपल्या घराला दिवसाला किती लिटर पाणी लागतं? त्यातलं सगळ्यात जास्त कुठे जातं? चिठ्ठ्या घडी घालून डब्यात ठेवा आणि सहाव्या टप्प्यापर्यंत उघडू नका.

हा खेळ वाटेल, पण माणसाची पाण्याकडे बघण्याची नजर इथेच सापडते. 'तुम्ही पाणी वाचवता का?' असं विचारलं तर शंभरातले शंभर हो म्हणतात आणि खरं मानूनच म्हणतात. वाया घालवणारा नेहमी दुसरा असतो: शेजारचा, वरच्या मजल्यावरचा, भाडेकरू, कामाला येणारी मावशी. त्यामुळे सवयीबद्दल विचारू नका, कालच्या दिवसाबद्दल विचारा. 'काल आंघोळीला किती बादल्या घेतल्या?' या प्रश्नाला माणूस थांबून आठवतो.

मी पहिल्यांदा चिठ्ठ्या घेतल्या तेव्हा चारपैकी तीन चिठ्ठ्यांवर 'भांडी' होतं आणि एकीवर 'वॉशिंग मशीन'. संडासाचं नाव एकीवरही नव्हतं. माझ्या स्वतःच्यासुद्धा.

## टप्पा २: नऊ दिवस मोजा, पहिले दोन फेकून द्या

मोजणी सुरू झाली की माणसं आपोआप शहाण्यासारखी वागतात. शॉवर पटकन बंद होतो, दाढी करताना नळ सुटा राहत नाही. दोन दिवसांत ते ओसरतं. म्हणून नऊ दिवस मोजा आणि पहिले दोन हिशेबात धरू नका. उरलेल्या सातांत एक रविवार येतोच. तो हवाच, कारण केस धुणं, चादरी आणि गाडी हे सगळं रविवारी निघतं. घरी पाहुणे असतील किंवा सण असेल तर तो आठवडा सोडा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं तर त्या दिवसापुढे खूण करा. बंदच्या आदल्या रात्री प्रत्येक घर पिंपं भरतं, त्यामुळे आकडा फुगतो.

काय कसं मोजायचं:

आंघोळ. बादली असेल तर रेघा बघा. शॉवर असेल तर त्याखाली बादली धरून अर्धा मिनिट सोडा, आलेलं पाणी दुप्पट करा आणि जितकी मिनिटं शॉवर चालतो तितक्याने गुणा. मिनिटाला दहा लिटरचा शॉवर आठ मिनिटं चालला तर ऐंशी लिटर झाले, म्हणजे पाच बादल्या.

फ्लश. टाकीखालचा अँगल कॉक बंद करा, फ्लश ओढा, मग बाटलीने मोजत टाकी पूर्वीच्या रेघेपर्यंत भरा. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त सोडतात. दोन बटणांच्या नव्या टाक्या साधारण तीन आणि सहा. भिंतीत बसवलेल्या टाकीचं झाकण उघडणं जमत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या. दिवसाचे फ्लश मोजायला संडासात कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा. प्रत्येकाने एक रेघ मारायची, नाव लिहायचं नाही.

भांडी. सिंकच्या नळाची धार बादलीत एक मिनिट मोजा. मग नळ किती मिनिटं चालू असतो ते पाहा. भांडी घासायला किती वेळ लागला ते नको, नळ किती वेळ उघडा होता ते हवं.

कपडे. मशीनच्या माहितीपुस्तकात धुण्याच्या प्रकाराप्रमाणे लिटर दिलेले असतात. पुस्तक हरवलं असेल तर सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडा. वरून उघडणारं मशीन समोरून उघडणाऱ्यापेक्षा बरंच जास्त पाणी घेतं, बहुतेकदा दुपटीच्या आसपास. सेमी-ऑटोमॅटिकचं गणित मात्र खळबळणाऱ्या हातावर आहे.

बाकी. फरशी, झाडं, गाडी, आरओ. बादल्या मोजा, वहीत लिहा.

सात दिवसांची बेरीज करा, साताने भागा, मग घरातल्या माणसांनी भागा. शहरी घरांसाठी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं आणि त्यातले ४५ लिटर फ्लशचे असतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर झाले. तुमचा आकडा याहून कमी आला तर लगेच खूश होऊ नका. बादलीत न पडलेलं पाणी अजून मोजलेलंच नाही.

> तपासा: घराची दिवसाची बेरीज ३०० लिटरच्या खाली आली आणि घरात चार माणसं असतील तर बहुधा काहीतरी सुटलं आहे. सुटतं ते नेहमी एकच: फ्लशच्या रेघा. २०१८ च्या दुष्काळात केप टाउनमध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती, ती आणीबाणी होती. तुमचं घर सहज तिथे पोचलं असेल तर वही पुन्हा बघा.

## टप्पा ३: न दिसणारी गळती

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचे टप्पे चुकले तरी चालेल, हा नको.

टपकणाऱ्या नळाचा आवाज येतो, म्हणून तो सगळ्यांना खुपतो. पण गणित करून बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर जेमतेम सव्वाचार लिटर. वायसर बदला, जरूर बदला, पण घर तिथे गळत नाही. कमोडच्या आतल्या भिंतीवरून एक पातळ, बिनआवाजाची धार उतरत असते. तिने मिनिटाला शंभर मिलिलिटर पाणी गेलं तर दिवसाला १४४ लिटर होतात. तुमच्या घरातलं एक जास्तीचं माणूस समजा. ते रात्रीही झोपत नाही.

रंगाची चाचणी अशी करा:

१. रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर टाकीचं झाकण उचला आणि काचेच्या किंवा सिरॅमिकच्या वस्तूसारखं जपून जमिनीवर आडवं ठेवा. बेसिनच्या काठावर ठेवू नका.

२. टाकी पूर्ण भरून पाण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा.

३. खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाकीत टाका. हळद वापरू नका. ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि चाचणी फसते.

४. अर्धा तास कोणीही फ्लश करायचा नाही. दाराला कागद लावा, कारण सांगून उपयोग होत नाही.

५. बॅटरीने कमोडमध्ये बघा. पाण्याला किंचितसाही रंग आला असेल तर गळती आहे.

रंग आला तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. एक, तळाचा रबरी वायसर किंवा झडप नीट बसत नाही. दोन, बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) वेळेवर बंद होत नाही आणि पाणी मधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपात उतरतं. हे ओळखायला टाकीतल्या पाण्याची पातळी बघा. पाणी उभ्या पाइपाच्या तोंडाला टेकलं असेल तर दोष बॉलकॉकचा. त्याचा स्क्रू फिरवून पातळी तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली आणा. पातळी खाली असूनही रंग उतरत असेल तर दोष तळाच्या झडपेचा.

झडप लगेच बदलू नका. आधी पाणी बंद करून टाकी रिकामी करा आणि रबर व त्याच्या बैठकीवरचा पांढरा क्षार जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढा. बोअरच्या पाण्याच्या इमारतींत नुसत्या एवढ्यानेच बरेचदा भागतं. तरीही गळत असेल तर जुना वायसर काढून खिशात घाला आणि दुकानात तोच दाखवा. 'फ्लशचा वायसर द्या' म्हणालात तर दुकानदार पाच प्रकार पुढ्यात टाकेल आणि पाचही बसणार नाहीत. प्लंबर आल्या आल्या 'ताई, अख्खी टाकी बदलू' म्हणेल. त्याला रंगाची चाचणी करून दाखवा, मग तो झडपेवर येतो.

> सावध: पाणी कमी जावं म्हणून टाकीत वीट ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो आहे. वीट पाण्यात झिजते, तिचा चुरा झडपेखाली अडकतो आणि वाचलेलं पाणी व्याजासकट जातं. जुन्या मोठ्या टाकीत पाण्याने भरलेली बंद बाटली ठेवा, तीही बॉलकॉकच्या दांड्याला न लागेल अशी. दोन बटणांच्या टाकीत काहीच ठेवू नका. पाणी कमी पडलं तर माणूस दोनदा फ्लश करतो.

आणखी दोन जागा बघा. कमोडशेजारच्या जेटच्या नळीचा सांधा हाताने चाचपा. जेटचा मागचा कॉक रात्री बंद करायची सवय लावली तर ती नळी फुटून घरात पाणी होण्याची धास्तीही जाते. दुसरी जागा ड्राय बाल्कनी. मशीनच्या मागचा नळ कोणी बघतच नाही, आणि त्याचं पाणी थेट जाळीत जातं म्हणून ओलही दिसत नाही.

> तपासा: दुरुस्तीनंतर चोवीस तासांनी रंगाची चाचणी पुन्हा. प्लंबरला पैसे त्यानंतर द्या, किंवा निदान तो उद्या फोन उचलेल अशी व्यवस्था ठेवा.

## टप्पा ४: धार कमी करा, पण सगळ्या नळांची नाही

नळाला एरेटर, म्हणजे आपली जाळी, लावायची तर आधी एक गोष्ट समजून घ्या. बादली भरायच्या नळाला जाळी लावून काहीही वाचत नाही. बादली तेवढीच भरते, फक्त वेळ दुप्पट लागतो आणि सकाळी साडेसातला कोणीतरी चिडून जाळी काढून फेकतो. जाळी हवी ती वाहत्या पाण्याखाली काम होतं तिथे, म्हणजे वॉशबेसिन आणि सिंकला.

जाळी आणण्याआधी फुकटचा उपाय करा. बेसिनखालचा अँगल कॉक थोडा थोडा बंद करत आणा आणि बादलीने मोजत जा. मिनिटाला दहा लिटरवरून सहावर आणलं तर हात धुताना कोणाला पत्ता लागत नाही. आठवडाभर हे चाललं तर मग जाळीचे पैसे घाला.

जिथे चुकतं त्या जागा:

- गॅस गीझरची लाइन. धार एका मर्यादेखाली गेली की गीझर पेटत नाही किंवा मध्येच विझतो. त्या लाइनीवर जाळी नको.
- सगळ्यात वरचा मजला. टाकी डोक्यावरच असल्याने तिथे मुळातच दाब कमी असतो. जाळी लावली तर धारेचं नुसतं थुंकणं होतं. सोसायटीने घाऊक जाळ्या आणल्या तरी वरच्या मजल्याला सक्ती करू नका.
- क्षाराचं पाणी. महिन्याभरात जाळी तुंबते. ती काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, ब्रशने घासा, परत बसवा. हे करणारं माणूस घरात नसेल तर जाळी लावूच नका.

## टप्पा ५: गरम पाण्याच्या आधीचं थंड पाणी, आणि आरओ

सोलरच्या इमारतीत राहणाऱ्यांना हे दृश्य पाठ असेल. सकाळी गरम नळ सोडायचा, खाली हात धरायचा, आणि गच्चीपासून तुमच्या मजल्यापर्यंतच्या पाइपातलं गार पाणी संपेपर्यंत उभं राहायचं. आमच्याकडे हे पाणी पाऊण बादलीच्या वर भरतं. घरात आंघोळी तासातासाच्या अंतराने होत असतील तर प्रत्येकाच्या वेळी तितकंच.

या पाण्याला आपल्या भाषेत आधीच नाव आहे: विसण. गरम पाण्यात मिसळायचं गार पाणी. आजी चुलीवरचं कढत पाणी काढून त्यात विसण घालायची. आपण सोलरच्या नळाचं गार पाणी मोरीत सोडतो आणि मग गरम आल्यावर थंड नळ उघडून वेगळं विसण घेतो. क्रम बदला. बादली आधीच नळाखाली ठेवा, पहिलं गार पाणी तिच्यात एक तृतीयांशापर्यंत घ्या. त्याहून जास्त येत असेल तर उरलेलं दुसऱ्या बादलीत, फरशीला किंवा फ्लशला. मग गरम. थंड नळाला हातही लावायचा नाही. आंघोळी एकामागोमाग उरकल्या तर दुसऱ्यापासून गार पाणी फारसं येतच नाही.

आरओची नळी बाटलीत सोडून बघा. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटरपर्यंत पाणी टाकून दिलं जातं. ते साठवून फरशी पुसा, फ्लशला वापरा. बोअरच्या पाण्यावरचा आरओ असेल तर ते कुंड्यांना घालू नका. त्यात क्षार जमलेले असतात आणि तुळस आधी मान टाकते.

पण त्याआधीचा प्रश्न असा की आरओ हवाच का? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजायचं पेनाएवढं यंत्र मिळतं, किंवा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणावी असे निर्देश दिले होते. धरणाचं नळपाणी साधारणपणे त्याच्या पुष्कळ खाली असतं. तिथे जंतूंसाठी यूव्ही किंवा उकळणं पुरतं. टँकर आणि बोअर मिसळलेलं पाणी असेल तर मात्र तपासणी झाल्याशिवाय आरओ काढू नका. (विक्रेता दोन कांड्या पाण्यात घालून वीज सोडतो आणि पाणी तपकिरी करून दाखवतो, त्याने घाबरू नका. तो गाळ बराचसा कांड्यांच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात तो येईल.)

## टप्पा ६: आता माणसं

आता चिठ्ठ्या उघडा आणि शेजारी वही ठेवा. कोणी काही बोलायची गरज पडत नाही. भांड्यांवर सगळ्यांनी बोट ठेवलेलं असतं आणि आकडा बहुधा संडास-बाथरूमकडे झुकलेला असतो. त्या शांततेत एकच गोष्ट ठरवा. एका माणसाने एक सवय, तीन आठवडे. दहा कलमी यादी फ्रिजवर लावलीत तर ती चौथ्या दिवशी वाण्याच्या यादीखाली जाते.

शिळं पाणी. नळाला पाणी आलं की कालचं भरलेलं 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, ही सवय पाणी ठरावीक वेळी येणाऱ्या घरांत मुरलेली आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. तिथल्या घरांत हे जास्त दिसतं. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. घरातल्या मोठ्यांशी यावर वाद घालायला जाऊ नका. 'कालचं पाणी टाकू नका' असं सुनेने म्हटलं तर विषय पाण्याचा राहत नाही. 'कालचं मी कपड्यांना घेते' म्हणा आणि उचला. पुढच्या महिन्यात तो हंडा सासूबाई स्वतःच मशीनजवळ आणून ठेवतात.

मावशी. भांड्यांचा नळ सुटा ठेवतात म्हणून मी आमच्या मावशींना दोनदा बोलले होते. तिसऱ्यांदा बोलायच्या ऐवजी शेजारी उभी राहिले. त्यांनी साबणाने माखलेला हात वर धरून दाखवला: "ताई, अशा हाताने नळ फिरवायचा, परत उघडायचा, परत फिरवायचा. मग भांडी घासू का नळ घासू?" नळ जुन्या पद्धतीचा, तीन आटे फिरवायचा होता. दोष हातांचा नव्हताच. कोपराने ढकलता येईल असा दांड्याचा नळ बसवला आणि सिंकशेजारी एक पसरट टब ठेवला. आधी सगळी भांडी साबण लावून टबात, मग एकदाच नळ सोडून विसळायची. आणि आपल्या बाजूचं काम: रात्रीची पातेली खरकटी वाळवून ठेवायची नाहीत, पेलाभर पाणी घालून ठेवायची. वाळलेलं पिठलं सोडवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात चार ताटं होतात.

मुलं. त्यांना रंगाच्या चाचणीचं खातं द्या. शेजाऱ्यांच्या घरीही ती करून येतात.

> सावध: पाहुण्यांसमोर कोणाला टोकू नका. त्या दिवसापासून वही तुमची एकटीची होते. आणि कपातीची बातमी आली की सगळी भांडी भरून ठेवायची घाई करू नका. दोन दिवसांनी त्यातलं अर्धं ओतलं जातं.

## टप्पा ७: जिन्याबाहेर

पाण्याचे पैसे मेंटेनन्समध्ये सगळ्यांना सारखे लागतात, तोवर 'मी वाचवून काय, शेजारचा तर गाडी धुतो' हा युक्तिवाद कोणाला खोडता येणार नाही. त्यावर भांडू नका. सोसायटीच्या दोनच गोष्टी मोजून दाखवा.

टँकर. दहा हजार लिटरचा टँकर खरंच तेवढा असतो का ते खालच्या टाकीत मोजता येतं. टाकीची आतली लांबी-रुंदी काढा. पाच मीटर बाय चार मीटरची टाकी असेल तर पाण्याचा एक सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. दहा हजार लिटरने पातळी ५० सेंटिमीटर वाढायला हवी. टँकर लागण्याआधी आणि नंतर खुणा केलेली काठी बुडवा. त्या वेळात पंप आणि पालिकेचा नळ दोन्ही बंद हवेत, नाहीतर वाद तुमच्यावर उलटेल.

रात्रीची पातळी. रात्री एक वाजता वरच्या टाकीची पातळी बघा, पंप बंद ठेवा, चार वाजता पुन्हा बघा. तीन मीटर बाय दोन मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. सगळे झोपलेले असताना पातळी दहा सेंटिमीटर उतरली तर ६०० लिटर कुठेतरी चालले आहेत. मग पुढच्या रात्री उतरणारे पाइप एकेक करून बंद करा. ज्याच्याने पातळी थांबते त्या रांगेतल्या फ्लॅटना रंगाच्या बाटल्या वाटा. फ्लॅट नंबरांची यादी ग्रुपवर टाकू नका. नाव आलं की माणूस गळती दुरुस्त करत नाही, वकिली सुरू करतो.

> सावध: गच्चीवर रात्री एकट्याने जाऊ नका, आणि कोणत्याही टाकीत उतरू नका. बंद टाकीतली हवा जीवघेणी असू शकते. काठी झाकणाच्या तोंडातूनच बुडवा.

महिन्याने पुन्हा तीन दिवस मोजा, नऊ नकोत. रंगाची चाचणी दर सहा महिन्यांनी: एकदा पाडव्याला, एकदा दसऱ्याला, म्हणजे विसरणार नाही. तारीख मार्करने टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. पुढच्या वेळी झाकण उचलाल तेव्हाच ती दिसेल.